सांगलीचे ऊन आणि किनाऱ्याचा घाम

"मामा, मला उन्हाचं काय सांगता? मी सांगलीचा आहे."

हे वाक्य माझ्या भाच्याचे. २०२३ च्या ऑक्टोबरात आमच्या सोप्यात बसून तो हे बोलला आणि मी, तीस वर्षे दवाखाना चालवलेला माणूस, "खरं आहे बाबा" म्हणून मोकळा झालो. त्यानंतर पाच आठवड्यांनी कोकण किनाऱ्यावरच्या एका शर्यतीत तो माझ्या डोळ्यांदेखत कोसळला. मधल्या काळात काय चुकले आणि पुढे आम्ही काय बदलले ते आज सांगणार आहे. पोहणे, सायकल, धावणे यांच्याशी ज्यांचा काही संबंध नाही त्यांनीही पान उलटू नये. आपल्या जिल्ह्यात शेकडो मुले पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी मैदानावर घाम गाळत असतात. त्यांच्या आईवडिलांना यातले निम्मे तरी कामी येईल.

भाचा चौतीस वर्षांचा, माध्यमिक शाळेत शिक्षक. त्याला ट्रायथलॉनचे वेड लागले. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचे, मग लगेच सायकल आणि सायकलवरून उतरले की धावायचे. मध्ये बूट घालायला लागणारा वेळही घड्याळात धरला जातो. छोटी शर्यत ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे अशी असते. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून जी खेळवतात ती याच्या दुप्पट. त्यापुढची 'अर्धी' म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर, आणि पूर्ण शर्यत त्याच्याही दुप्पट. ही पूर्ण शर्यत १९७८ साली हवाई बेटांवर पहिल्यांदा झाली तेव्हा पंधरा जण उतरले होते, बारा जणांनी ती पुरी केली. आपल्याकडे मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, वयाच्या पन्नाशीत, झुरिचची पूर्ण शर्यत १५ तास १९ मिनिटांत संपवली तेव्हा हा खेळ घरोघरी ठाऊक झाला. २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्यात मिरामारला अर्ध्या अंतराची शर्यत सुरू झाली आणि घाटावरच्या सायकलवाल्यांना किनारा जवळ वाटू लागला.

भाच्यानेही 'अर्धी'च करायची ठरवली. पोहणे त्याला लहानपणापासून येत होते, पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकलेले. कृष्णेत सराव करतो म्हणाला तेव्हा त्याच्या आईने, म्हणजे माझ्या अक्काने, मगरींची आठवण करून दिली. भिलवडीपासून सांगलीपर्यंत नदीत मगरी आहेत हे आपल्याला नव्याने सांगायला नको. तेव्हा तलावाचा पास काढला. सायकल कर्जाने घेतली. आणि कुठून तरी चोवीस आठवड्यांचे एक छापील वेळापत्रक मिळवले. त्यात कोणत्या वारी किती मिनिटे, किती वेगाने, नाडीचे ठोके किती, सगळे लिहिलेले. ते त्याने कपाटाच्या दाराला चिकटवले आणि शाळेच्या वेळापत्रकासारखे पाळले. एक दिवस चुकवला नाही.

चूक तिथेच होती. ते वेळापत्रक अशा मुलखात तयार झाले होते जिथे भर उन्हाळ्यात पारा बावीस-चोवीसवर गेला तर लोक अंगातले काढून गवतावर पडतात.

शर्यतीच्या दिवशी काय झाले

सकाळी पोहणे झकास झाले. सायकलही चांगली. ९० किलोमीटर त्याने ठरवलेल्या वेळेपेक्षा आठ मिनिटे लवकर संपवले, आणि मी बाजूला उभा राहून टाळ्या वाजवल्या. ती आठ मिनिटेच पुढे महागात पडली हे मला त्या वेळी कळायला हवे होते. धावायला लागला तेव्हा अकरा वाजले होते. पारा ३३ अंशांवर होता. सांगलीत मे महिन्यात ३९ अंशांत तो तास तास सायकल चालवत असे, म्हणून ३३ ऐकून मला उलट बरेच वाटले.

सतराव्या किलोमीटरला तो वाकडा चालू लागला. मी जवळ गेलो तर म्हणाला, "मामा, घंटा झाली का? नववीवर तास आहे माझा." दोन पावले टाकून खाली बसला आणि आडवा झाला. अंग ओले, घामाने निथळत होते. आम्ही शिकलो तेव्हा उष्माघात म्हणजे कोरडी, तापलेली त्वचा असे पाठ केलेले. म्हणून माझ्या मनात आले, घाम येतोय म्हणजे उष्माघात नसावा, साखर कमी झाली असेल. पिशवीतला थर्मामीटर काखेत धरला. ३८.५. मी रक्तदाब मोजायला घेतला आणि रुग्णवाहिका बोलवा म्हणून ओरडलो.

तेवढ्यात शर्यतीच्या वैद्यकीय पथकातली एक तरुण डॉक्टर आली. माझ्या मुलीपेक्षा लहान असेल. "सर, जरा बाजूला व्हा. आधी थंड करू, मग नेऊ," एवढेच बोलली. चौघांनी त्याला तंबूत नेले, गुदद्वारातून तापमान घेतले. ४१.२ अंश. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात त्याला मानेपर्यंत बुडवले, एकाने काखेखालून धरून ठेवले, एक जण सतत पाणी ढवळत राहिला. चौदा मिनिटांनी तापमान ३९ च्या खाली आले, तो मला ओळखू लागला, थंडी वाजते म्हणून कुरकुरला. मग त्याला बाहेर काढून रुग्णालयात पाठवले. रात्रभर सलाईन, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या. तिसऱ्या दिवशी घरी आला. माझ्या म्हणण्याप्रमाणे आधी गाडीत घालून वीस किलोमीटर नेले असते तर हा लेख मी लिहिला नसता.

कष्ट करताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाघूम असू शकतो. काखेतला आणि कपाळावरचा थर्मामीटर अशा वेळी फसवतो. ओळखायची खूण एकच: उन्हात किंवा उकाड्यात जोर लावून काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, विनाकारण चिडू लागला, की तो उष्माघात समजावा. टब नसेल तर हौद, विहिरीच्या पंपाची धार, बर्फाच्या पाण्यात बुडवलेली आणि मिनिटामिनिटाला बदललेली चादर. जे हाताशी असेल ते. रुग्णवाहिकेला फोन जरूर करावा, पण ती येईपर्यंत थांबू नये. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ऊसतोडीच्या फडात आणि भरतीच्या मैदानात हेच करायचे आहे.

माठ कोकणात का गार होत नाही

घरी आल्यावर मी पुस्तके काढून बसलो. तेहतीस अंशांत तो कसा पडला, हा प्रश्न मला झोपू देईना. उत्तर स्वयंपाकघरात होते. माझी सासुरवाडी रत्नागिरीची. तिथे उन्हाळ्यात माठातले पाणी आपल्यासारखे गार लागत नाही, ही माझी जुनी तक्रार. माठ पाझरतो, ते पाणी उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. पण हवाच ओलसर असेल तर पाणी उडणार कसे? नुसता माठ ओला राहतो.

माणूस हा चालता-बोलता माठच आहे. स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातला जेमतेम पाव भाग हालचालीला लागतो, बाकीची उष्णता होते. सत्तर किलोचा माणूस तासाला दहा किलोमीटर धावला तर तासात सुमारे ७०० किलोकॅलरी जळतात. पाचशेच्या वर नुसती उष्णता. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे सांगलीच्या कोरड्या हवेत तासाला लिटरभर घामात हिशेब जवळपास जमतो. किनाऱ्यावर तोच घाम हनुवटीवरून टपटप खाली पडतो. जमिनीवर पडलेला घाम अंगाला थंड करत नाही. पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो.

सायकलवर हे कळत नाही. तीसच्या वेगाने जाताना समोरून वारा लागतो, दमट हवेतही थोडा घाम उडतो, माणसाला वाटते आपण मजेत आहोत. सायकलवरून उतरून धावायला लागले की वेग दहावर येतो आणि तो वारा संपतो. अंग आधीच तापलेले असते. म्हणून या शर्यतीत माणसे बहुतेक धावताना पडतात.

२०१६ च्या सप्टेंबरात मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर इंग्लंडचा जॉनी ब्राउनली हा जगातल्या पहिल्या रांगेतला खेळाडू शर्यत संपायला काहीशे मीटर राहिले असताना, पहिल्या क्रमांकावर असताना, असाच लडखडू लागला. मागून आलेल्या त्याच्या भावाने, अॅलिस्टरने, त्याला खांद्याला धरून अंतिम रेषेपर्यंत ओढत नेले. उलट २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकची शर्यत उकाड्यामुळे सकाळी साडेसहाला ठेवली होती, आणि ती जिंकली नॉर्वेच्या क्रिस्टियान ब्लुमेनफेल्टने. त्याचे गाव बर्गेन, युरोपातल्या सर्वाधिक पावसाच्या शहरांपैकी एक. थंड गावचा माणूस उकाड्यात जिंकतो आणि आमचा सांगलीचा गडी पडतो. कारण त्याने उकाड्याची तयारी केली होती. आम्ही ती वारशाने मिळते असे धरून चाललो होतो.

उकाड्याची सवय ही दहा ते चौदा दिवसांत लागणारी गोष्ट आहे. रोज तास-दीड तास उकाड्यात घाम निघेल असा व्यायाम केला, की पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला पातळ भाग वाढतो आणि त्याच कामाला नाडी कमी पळते. पुढच्या आठवड्यात घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. पण सराव सुटला की ही सवय तीन-चार आठवड्यांत बरीचशी जाते. भाच्याने ऊन खाल्ले होते मे महिन्यात, आणि शर्यत नोव्हेंबरअखेर. शेवटचा महिना तर तो पहाटे पाचला, सतरा-अठरा अंशांच्या गारव्यात धावत होता. सांगलीचे ऊन त्याच्या अंगात उरलेच नव्हते, आणि किनाऱ्यावर जे होते ते सांगलीच्या उन्हासारखे नव्हते.

जोर किती लावायचा

आता त्या छापील वेळापत्रकाकडे वळतो. त्यात वेग लिहिलेला होता: अमुक मिनिटांत किलोमीटर. भाचा तो वेग मे महिन्यातही गाठायचा आणि पावसाळ्यातही. उकाड्यात रक्ताला दोन धनी असतात. स्नायूंनाही रक्त हवे असते आणि अंग थंड करण्यासाठी कातडीलाही. हृदय दोघांची मागणी पुरवायला जास्त धावते. गारव्यात ज्या वेगाला नाडी १४० असते, त्याच वेगाला उकाड्यात ती दहा-वीस ठोक्यांनी वर जाते. म्हणजे वेग तोच, पण व्यायाम वेगळाच. ज्या दिवशी हलके धावायचे ठरले होते त्या दिवशी त्याचे शरीर शर्यत पळत होते, आणि असे सहा महिने चालले. शनिवारी तो चेहरा उतरवून यायचा. मी त्याला लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त तपासले असते तर तेरा हिमोग्लोबिन निघाले असते. पुढे तपासले तेव्हा तेवढेच निघाले!

मी आता लोकांना वेग विसरायला सांगतो. आपल्या बोलण्यावरून जोर ओळखावा. धावताना शेजाऱ्याशी घरच्या गप्पा मारता येतात, तो हलका जोर. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो मधला. 'हो', 'नाही' याखेरीज काही निघत नाही, तो मोठा. जगातले चांगले दमसासाचे खेळाडू सरावातला बहुतेक, साधारण ऐंशी टक्के, वेळ हलक्या जोरात घालवतात आणि उरलेल्यात खरोखर कष्ट करतात. आपले हौशी लोक उलटे. रोज मधल्या जोराने दामटतात. ना पुरती विश्रांती, ना पुरते कष्ट.

घड्याळ वापरायचेच असेल तर २०८ मधून वयाचे सात-दशांश वजा करावेत. चौतीस वर्षांच्या माणसाचे कमाल ठोके सुमारे १८४ येतात. हा अंदाज दहा ठोक्यांनी इकडेतिकडे असू शकतो. त्याच्या पाऊणपटीच्या आत, म्हणजे १३५ च्या आसपास किंवा खाली, हलका जोर. पोहताना ठोके धावण्यापेक्षा कमी पडतात, सायकलवरही थोडे कमी, म्हणून तिन्हींना एकच आकडा लावू नये. उकाड्याच्या दिवशी ठोके धरून ठेवावेत आणि वेग जिथे जाईल तिथे जाऊ द्यावा. चालावे लागले तरी चालावे. शिक्षकमंडळींना हे फार जड जाते. त्यांना आकडा गाठायची सवय.

जोराचे मोठे दिवस आम्ही पुढच्या वर्षी आठवड्यात दोनच ठेवले आणि तेही पहाटे. उकाडा आणि मोठा जोर एकाच दिवशी घ्यायचा नाही, हा नियम केला. उकाड्याचा सराव वेगळा, हलक्या जोराचा. भरतीच्या मुलांनाही हेच. १६०० मीटर म्हणजे पाच-सहा मिनिटांचे काम, पण मोठ्या जोराचे. त्याचे वेगवान फेरे सकाळी सातच्या आत संपवावेत. दुपारी तीनला डांबरी रस्त्यावर जर्किन घालून पळणारी पोरे मी रोज बघतो. घामाने वजन उतरते अशी समजूत आहे. उतरते ते पाणी. संध्याकाळपर्यंत परत येते.

मिरच्यांच्या पॉलिहाऊसमध्ये सायकल

उकाड्याची सवय लावायला सर्वांत चांगले म्हणजे दोन आठवडे आधी किनाऱ्यावर जाऊन राहणे. शाळेतल्या माणसाला एवढी रजा कोण देणार? वेल्समधल्या बँगोर विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली एक स्वस्त उपाय दाखवला: थंड हवेत चाळीस मिनिटे धावायचे आणि लगेच ४० अंशांच्या गरम पाण्यात मानेपर्यंत, जास्तीत जास्त चाळीस मिनिटे, बसायचे. असे सलग सहा दिवस केल्यावर त्यांच्या धावपटूंना उकाडा कमी बाधला. पण आमच्याकडे तेवढा टब नाही, आणि चाळीस मिनिटे पाणी ४० अंशांवर ठेवायला मामी तयार नाही.

आमचा उपाय निघाला तासगाव रस्त्यावरच्या एका स्नेह्याच्या शेतात. त्याचे ढोबळी मिरचीचे पॉलिहाऊस आहे. आत गेले की पाच मिनिटांत चष्म्यावर वाफ धरते; दुपारी तर कोकणच. शर्यतीच्या आधी बारा दिवस, शाळा सुटल्यावर, भाचा त्यात सायकल स्टँडवर लावून चालवू लागला. पहिल्या दिवशी वीस मिनिटे, नंतर वाढवत साठ. जोर हलका. मी बाहेर खुर्ची टाकून बसत असे आणि दर दहा मिनिटांनी सातचा पाढा उलटा म्हणायला लावत असे. अडखळला की बाहेर. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत नाडी १५८ वर गेली. नवव्या दिवशी त्याच जोराला तासाभरानंतर १३९ होती. हे आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. औषध फवारलेल्या दिवशी आणि त्यानंतर दोन दिवस आत जायचे नाही, हे स्नेह्याने सांगितले ते योग्यच.

एक ताकीद. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह असणाऱ्यांनी असले प्रयोग आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि सर्दीच्या काही गोळ्या उकाड्यात घातक ठरतात. ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर आठवडाभर तरी उकाड्यात सराव नको. आणि शर्यतीच्या सकाळी अंग दुखू नये म्हणून वेदनाशामक गोळी खाणे हा मूत्रपिंडावर अन्याय आहे. पस्तिशी उलटलेल्या माणसाने पहिल्या शर्यतीपूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

पाणी किती प्यावे

"भरपूर पाणी पी" असे मीच त्याला सांगितले होते. हा सल्लाही अर्धाच बरोबर. गरजेपेक्षा जास्त साधे पाणी पोटात गेले तर रक्तातले सोडियम पातळ होते, डोके दुखते, उलट्या होतात, मेंदूला सूज येऊन माणूस दगावू शकतो. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, त्यातल्या तेरा टक्क्यांचे सोडियम कमी निघाले. जास्त वेळ लागलेले, धावताना वजन वाढलेले लोक त्यात अधिक होते.

तेव्हा वजनकाटा हाच खरा गुरू. धावण्यापूर्वी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. जितके किलो घटले तितके लिटर घाम, त्यात मध्ये प्यालेले पाणी मिळवायचे. भाच्याचा घाम सांगलीच्या पहाटे तासाला आठशे मिलिलिटर निघाला, पॉलिहाऊसमध्ये दीड लिटर. दीडच्या दीड लिटर पिऊन धावता येत नाही, पोटात खळखळते. तहान लागेल तसे प्यावे आणि एकंदर घट वजनाच्या दोन-तीन टक्क्यांपर्यंत राहू द्यावी. वजन वाढले तर मात्र पाणी जास्त झाले असे समजून थांबावे. लिटरभर पाण्यात पाव चहाचा चमचा मीठ पुरते. जलसंजीवनीची पाकिटे खिशात ठेवणारे पुष्कळ असतात. ती जुलाबांसाठी उत्तम. पण तिच्यात लिटरला साखर फक्त साडेतेरा ग्रॅम, अर्ध्या केळ्याएवढी. तिच्यावर सात तास निघत नाहीत.

इथेच अंतराचा प्रश्न येतो. छोटी शर्यत हौशी माणूस दीड तासात संपवतो. तिला खायला काही लागत नाही, जोर मात्र मोठा लागतो, आणि उष्णताही झपाट्याने साठते. 'अर्धी'ला सहा-आठ तास लागतात. स्नायू आणि यकृतात मिळून चारपाचशे ग्रॅमच साखर साठवलेली असते, ती दोन-तीन तासांत संपत येते. मग सायकलवर तासाला पन्नास-साठ ग्रॅम तरी पिष्ट-साखर पोटात जायला हवी. एक केळे म्हणजे पंचवीस ग्रॅम. पाच सपाट चहाचे चमचे साखर म्हणजे वीस. खजूर, राजगिऱ्याची वडी चालते. शेंगदाण्याची चिक्की नको, तेल जड पडते. पण उकाड्यात रक्त कातडीकडे गेलेले असते, पोट रुसलेले असते, म्हणून हे खाणेही सरावातच शिकावे लागते. भाच्याने पहिल्या वर्षी शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा विकतचे गोड जेल खाल्ले आणि दोन उलट्या केल्या. त्याने त्या मला तंबूत, शुद्धीवर आल्यावर सांगितल्या.

अंतर जितके लांब आणि हवा जितकी दमट, तितका सायकलवरचा जोर कमी ठेवायचा, हे माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचे. छोट्या शर्यतीत सायकल दामटली तर पाच किलोमीटर कसेबसे ओढता येतात. अर्ध्या शर्यतीत तीच चूक एकवीस किलोमीटर फेडावी लागते.

म्हणून २०२४ साली मी त्याला 'अर्धी' करू दिली नाही. ऑलिंपिक अंतराची केली, तीही किनाऱ्यावरच. त्याला ते कमीपणाचे वाटले. अक्काला बरे वाटले. तीन तास पाच मिनिटे लागली आणि तो हसत आला. २०२५ च्या नोव्हेंबरात मग 'अर्धी'. ९० किलोमीटर सायकल त्याने पहिल्या वर्षापेक्षा एकवीस मिनिटे सावकाश चालवली. मला घड्याळ बघून धडकी भरली, पण बोललो नाही. धावताना प्रत्येक पाण्याच्या टेबलाशी तो चालत होता, टोपीत बर्फ भरत होता, डोक्यावर पाणी ओतत होता. बाराव्या किलोमीटरला मी रस्त्याच्या कडेने ओरडलो, "सात दाहे?"

"सत्तर! मामा, उलटा म्हणू का?"

सात तास चौतीस मिनिटांनी तो अंतिम रेषा ओलांडून आला. गळ्यात पदक पडले, फोटोवाला 'इकडे बघा' म्हणत होता. भाच्याने त्याच्याकडे न बघता मला विचारले, "काटा आणलाय ना?" आणला होता. दीड किलो कमी भरला.